तिसरा हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही, तेव्हा त्यांची अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. आम्ही मात्र कळविले की, यंदा आम्ही माऊथ ऑर्गनच्या होल्डरवर बोलू. चालकांनी विचारले, "माऊथ ऑर्गनवर, की होल्डरवर?" आम्ही म्हटले, "होल्डरवरच." ते सज्जन असल्यामुळे त्यांनी पुढे काही विचारले नाही. आपण इतक्या संख्येने आलात याचे श्रेय विषयाला आहे, की मोकळ्या हवेतल्या या गार वाऱ्याला आहे, याची चौकशी आम्हीही करीत नाही.

प्रथम ही वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. बॉब डिलन या अमेरिकन गायकाला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची तरुणपणची छायाचित्रे आली होती. हातांत गिटार आणि गळ्यात तारेची एक चौकट, चौकटीच्या टोकाशी ओठांसमोर माऊथ ऑर्गन. ती चौकट म्हणजे होल्डर. वाजविणाऱ्याचे दोन्ही हात दुसऱ्या वाद्यात गुंतलेले असतात, म्हणून माऊथ ऑर्गन धरून ठेवण्यासाठी हा तिसरा हात. वस्तू दिसायला क्षुल्लक आहे. कारागिराने अर्ध्या दिवसात करावी अशी. पण ती माणसाच्या मानेवर बसते. आणि जे जे माणसाच्या मानेवर बसते, त्या त्या गोष्टीत युनियनच्या माणसाने लक्ष घालावे, असा आमचा नियम आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी काही तरुण कामगार गिटार घेऊन बसतात. गेट मीटिंगला भाषणांच्या आधी दोन गाणी झाली, तर माणसे थांबतात, हे त्यांनी आम्हांला पटवून दिले आहे. त्यांतल्या एकाने पहिला मिळाला तो होल्डर आणला आणि एक मे रोजी दीड तास वाजवून दुसऱ्या दिवशी मान वाकडी करून कामावर गेला. माऊथ ऑर्गन तोंडाशी येत नव्हता, म्हणून तोंडच माऊथ ऑर्गनपाशी नेत राहिला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले, पुढचे सगळे वाचनालयात झाले. त्यामुळे अडले की पुस्तक शोधायचे, ही आमची खोड आहे. त्या मुलाच्या मानेपायी आम्ही जे वाचले, आणि चार होल्डर हाताळून जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभीच एक शंका दूर केली पाहिजे, कारण ती आमच्याच मनात आली होती. एका माणसाने दोन वाद्ये वाजवायची, म्हणजे एका कामगाराने दोघांचे काम करायचे! १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा महिने सार्वत्रिक संप चालला. त्याच्या कारणांपैकी एक मोठे कारण असे की, विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत आणि सूत कातणाऱ्याने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना मालकांनी पुढे केली होती. त्या लढ्याचा वारसा सांगणारे आम्ही लोक आज व्यासपीठावरून एका माणसाच्या गळ्यात दुसरे वाद्य अडकविण्याची तरफदारी कशी करतो?

याचे उत्तर आम्हांला जेसी फुलर नावाच्या माणसाच्या चरित्रात मिळाले. हा निग्रो गायक १८९६ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जन्मला. पुढे कॅलिफोर्नियात ओकलंडला आला. सदर्न पॅसिफिक रेल्वेत राबला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या कामावर होता. युद्धानंतर त्याने गाण्यावर पोट भरायचे ठरविले, पण वेळेवर येणारे भरवशाचे साथीदार मिळेनात. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या मजुराने स्वतःच स्वतःचा ताफा उभा केला. हातांत बारा तारांची गिटार. गळ्यात चौकट, तिच्यात माऊथ ऑर्गन आणि काझू नावाची पिपाणी. एका पायाखाली झांजा. आणि दुसऱ्या पायासाठी त्याने स्वतः बनविलेले एक वाद्य. पायाने पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर बसून खर्जाचा सूर निघे. त्याला तो 'फोटडेला' म्हणे. १९५४ साली त्याने केलेले सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरावरचे गाणे पुढे जगभर गायले गेले. फुलर १९७६ साली वारला.

दुसरे उदाहरण डॉक्टर रॉस यांचे. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत. आयझाया रॉस या गायकाचे ते लोकांतले नाव. १९२५ साली मिसिसिपी राज्यात जन्म, आणि १९५४ पासून मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात वास्तव्य. जनरल मोटर्सच्या कारखान्यात त्याने वर्षानुवर्षे नोकरी केली आणि फावल्या वेळी गिटार, गळ्यातला माऊथ ऑर्गन आणि पायाखालचा नगारा असा एकट्याचा ताफा वाजविला. फ्लिंटचे नाव ऐकताच आमच्यासारख्याचे कान टवकारतात. १९३६ च्या डिसेंबरअखेरीपासून १९३७ च्या फेब्रुवारीपर्यंत तेथील मोटार-कामगार कारखान्यातच ठिय्या मारून बसले आणि त्यांनी आपल्या युनियनला मान्यता मिळविली. रॉस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तेथे आला, पण त्या लढ्याने मिळविलेल्या फावल्या वेळाचा एक वाटा त्याच्या सुरांनाही मिळाला असेल, असे मानायला आम्हांला आवडते. तिसरा जिमी रीड. तोही गिटार आणि गळ्यातला माऊथ ऑर्गन एकदम वाजवी, आणि तोही आरंभी शिकागोच्या परिसरात मांसाच्या कारखान्यात कामाला होता. त्याने १९६० साली ध्वनिमुद्रित केलेले एक गाजलेले गाणे थेट साहेबाला उद्देशून आहे. तिघेही कामगार, हा योगायोग नव्हे. ज्याला चार साथीदारांना बिदागी देणे परवडत नाही, त्यालाच तिसऱ्या हाताची गरज लागते.

आता शंकेकडे वळू. फुलरने दुसरे, तिसरे, चौथे वाद्य घेतले ते कोणी लादले म्हणून नव्हे. किती वेगाने वाजवायचे ते तो ठरवी, मिळालेली बिदागी त्याच्या खिशात जाई, आणि मान अवघडली की चौकट काढून खाली ठेवण्याची मुभा त्याला होती. तीन मागांवरच्या विणकराला यांतले काय होते? वेग यंत्राचा, नफा मालकाचा, आणि माग खाली ठेवता येत नाही. एवंच, ओझे एक की दोन, हा प्रश्न खरा नाही. ओझे कोणी उचलायला लावले आणि उतरवण्याचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न आहे. होल्डर विकत घेतानाही हाच प्रश्न मनात ठेवावा. जो होल्डर माणसाच्या शरीराप्रमाणे वाकतो तो त्याचे हत्यार. ज्याच्याप्रमाणे माणसाला वाकावे लागते तो त्याचा मुकादम.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. वारीतला वीणेकरी वीणा गळ्यात अडकवितो म्हणून त्याचा एक हात चिपळ्यांना मोकळा राहतो. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाच्या हातांत टाळ-चिपळ्या, कमरेला पावा आणि पायांत घुंगरू असत. माऊथ ऑर्गनही आपल्याला नवा नाही. १९५८ च्या 'सोलवा साल' चित्रपटात देव आनंद रेल्वेच्या डब्यात गातो, त्या गाण्यातला माऊथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजविला होता.

या वाद्याला मान मिळायला मात्र फार वेळ लागला, आणि सांगताना संकोच वाटतो, त्यात एका युनियनचाच हात होता. अमेरिकेत वादकांची मोठी युनियन आहे. ध्वनिमुद्रिकांमुळे जिवंत वादकांचे पोट मारले जाते म्हणून तिने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. लढा न्याय्य होता. पण त्या युनियनच्या लेखी माऊथ ऑर्गन हे वाद्यच नव्हते. ते खेळणे होते. म्हणून तो वाजविणाराही वादक नव्हता. पुढे १९४७ साली 'हार्मोनिकॅट्स' या त्रिकुटाची माऊथ ऑर्गनवरची एक ध्वनिमुद्रिका तुफान खपली, आणि त्यानंतर युनियनला आपले मत बदलावे लागले. ज्याचे हत्यार लहान, त्याला कामगार मानायचे नाही, ही खोड मालकांचीच असते असे नाही, एवढे या गोष्टीवरून आम्ही शिकलो.

असो. आता बाजारात जाऊ.

जाताना आपला माऊथ ऑर्गन आणि आपले दुसरे वाद्य बरोबर न्यावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. बूट घ्यायला जाताना आपण पाय घरी ठेवून जात नाही.

पहिली गोष्ट मापाची. गिटारबरोबर वाजवायला सामान्यतः दहा भोकांचा माऊथ ऑर्गन घेतात. तो सुमारे चार इंच लांब असतो आणि बहुतेक होल्डर त्याच्याच मापाचे असतात. आपल्याकडे दोन ओळींत चोवीस भोके असलेला लांबलचक प्रकारही पुष्कळांच्या घरी असतो. तो लहान होल्डरच्या पकडीत मावत नाही, मावला तरी टोके लोंबतात. उजव्या टोकाला बटण असलेला जो प्रकार आहे, ज्याचे बटण दाबले की कोमल-तीव्र स्वर मिळतात, तो साध्या होल्डरमध्ये ठेवून फारसा उपयोग नाही. बटण दाबायला बोट लागते, आणि बोटे गिटारवर आहेत.

दुसरी गोष्ट मानेची, आणि तीच मुख्य. होल्डर गळ्यात घालावा, गिटार घ्यावी, नेहमी बसतो तसे बसावे किंवा उभे राहावे. समोर पाहावे. डोळे मिटावे आणि हनुवटी न हलविता ओठ पुढे करावे. माऊथ ऑर्गनची मधली भोके ओठांना लागली पाहिजेत. ती खाली असली तर मान झुकेल, दूर असली तर मान ताणली जाईल. हे वाद्य श्वास सोडूनही वाजते आणि ओढूनही वाजते. झुकलेल्या मानेत गळा दबतो, श्वास आखूड होतो आणि सूर पातळ येतो. म्हणजे मानेचे दुखणे केवळ मानेत राहत नाही, ते गाण्यातही उतरते. उंची, अंतर आणि कल या तिन्ही बाबतींत जो होल्डर जुळविता येतो, तोच घ्यावा. गाणाऱ्याने आणखी एक पाहावे : ओठ जरा मागे घेतले की शब्द मोकळे उच्चारता आले पाहिजेत. आमच्या शाहीर मंडळींचे सगळे भांडवल शब्दच असते.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. हातात धरलेला माऊथ ऑर्गन आपण ओठांवर सरकवितो. गळ्यातला सरकत नाही, डोके डावीउजवीकडे न्यावे लागते. अशा वेळी चौकट डोलू लागली, तर हवे ते भोक सापडत नाही. म्हणून ओठांनी पुढे रेटून पाहावे. चौकट थोडी दबली तर चालेल, पळता कामा नये. खांद्यांवर आणि छातीवर तिचा टेकू नीट बसतो की नाही, तेही पाहावे. माऊथ ऑर्गनचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते. पण ते मानेपासून वीतभर पुढे लोंबते, आणि पहारीच्या टोकावरचे लहान वजन काय करते, हे हमालाला सांगावे लागत नाही.

चौथी गोष्ट पकडीची. बहुतेक होल्डरांत दोन पट्ट्या आणि त्यांना आवळणारी स्प्रिंग असते. स्प्रिंग सैल असेल तर वाद्य निसटते. फार कडक असेल तर वरखालचा पत्रा दबतो, आणि आतल्या पत्त्यांना तो लागला की त्या खरखरतात. या वाद्याचा आवाज मागच्या बाजूने बाहेर पडतो, तेव्हा पकडीने ती बाजू झाकलेली नसावी. एका हाताने माऊथ ऑर्गन काढून दुसरा बसविता आला पाहिजे, कारण गाण्याची पट्टी बदलली की वाद्य बदलावे लागते, आणि तोवर श्रोते वाट पाहत असतात. अर्थात श्रोते आपल्यासारखे असतील तर प्रश्न नाही.

पट्टीचा विषय निघालाच आहे, तर पेटी वाजविणाऱ्यांच्या भाषेत दोन वाक्ये सांगतो. सरळ चालींसाठी गाण्याचा षड्ज ज्या पट्टीत, त्याच पट्टीचा माऊथ ऑर्गन घ्यावा. ब्लूज नावाच्या निग्रो गाण्याचा रडवा, ओढलेला सूर हवा असेल, तर गाण्याच्या मध्यमाच्या पट्टीचा घ्यावा. गाणे पांढरी पाचमध्ये असेल, तर माऊथ ऑर्गन पांढरी एकचा. मग ओढलेल्या श्वासातले सूर महत्त्वाचे होतात, आणि तेच जिभेच्या आणि गळ्याच्या जोरावर वाकविता येतात.

पाचवी गोष्ट सांध्यांची. स्वस्त होल्डरमध्ये उंची धरून ठेवतात ते दोन पंखाचे नट. पायाने ताल धरला की सगळे शरीर हलते, नट सैल होतात आणि तिसऱ्या गाण्याला माऊथ ऑर्गन हळूहळू छातीकडे प्रस्थान ठेवतो. सांध्यात दातेरी वायसर आहे का ते पाहावे. नसेल तर दोन बसवून घ्यावेत. टोकदार स्क्रू गिटारच्या लाकडावर घासत नाही ना, सदऱ्यात अडकत नाही ना, आणि हलविल्यावर चौकट खुळखुळत नाही ना, हेही तेथेच तपासावे. मायक्रोफोनसमोर हा खुळखुळाट ढोलकीइतका ऐकू जातो.

प्रकार म्हणाल तर मुख्य चार. पहिला जाड तारेचा, नटांचा. स्वस्त, दुरुस्त करता येण्याजोगा, पण मानेला काचणारा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की काच पुष्कळ कमी होतो. दुसरा रुंद पट्टीचा, खांद्यावर आणि छातीवर नीट टेकणारा. किंमत जास्त, पण रोज तासन्‌तास वाजविणाऱ्याने तोच घ्यावा. तिसरा वाकेल तिकडे राहणाऱ्या लवचीक नळीचा. जुळवायला अत्यंत सोपा, पण ओठांचा दाब पडला की किंचित हेलकावतो. चौथा चुंबकाचा, वाद्य झटकन बदलता येते, मात्र वाद्याचा पत्रा चुंबकाला चिकटणारा हवा, आणि सगळ्यांचा तसा नसतो. ज्याला महिन्यातून एकदा दोन गाणी वाजवायची आहेत, त्याने पहिल्यावर समाधान मानावे. आमच्या त्या तरुणाला आम्ही दुसरा घ्यायला सांगितले. पगारातून दोन हप्ते बाजूला ठेवून त्याने तो घेतला, आणि मानेची तक्रार पुन्हा कानावर आली नाही.

होल्डरमुळे मिळते तसे काही जातेही, ते लपविणे बरे नव्हे. दोन तळव्यांची ओंजळ वाद्यामागे उघडझाप करून जी थरथर आणि जी हाक काढता येते, ती गळ्यातल्या वाद्याला दुर्लभ. म्हणून जेथे माऊथ ऑर्गनच मुख्य गायक आहे, तेथे होल्डर काढून ठेवावा आणि गिटार दुसऱ्याला द्यावी. त्याचप्रमाणे हाताच्या पेटीबरोबर त्याचा खटाटोप करू नये. दोन्हींच्या पत्त्या एकाच कुळातल्या. ते भाकरीबरोबर चपाती खाण्यासारखे होईल.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती व्यवहाराची आहे. होल्डर हे साथीदाराला काढून टाकण्याचे साधन नव्हे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्याची ताकद एका गळ्यात नव्हती; ती मागे झील धरणाऱ्यांत, ढोलकीत आणि डफात होती. ढोलकीवाला हजर असताना त्याचे दोनशे रुपये वाचविण्यासाठी एखादा आयोजक गिटारवाल्याला म्हणू लागला की, "तूच पायाने नगारा वाजव ना," तर त्या क्षणी होल्डर माग क्रमांक तीन होतो. तेथे नकार द्यावा, किंवा दोघांची बिदागी मागावी. पण जेथे साथीला कोणीच नाही, रात्रपाळी संपवून एकटाच माणूस खोलीवर आला आहे आणि त्याच्या मनात एकाहून अधिक सूर आहेत, तेथे या तारेच्या चौकटीइतका इमानी सोबती दुसरा नाही. तो पगार मागत नाही, उशीर करीत नाही, आणि नको असेल तेव्हा खिळ्याला टांगून ठेवता येतो. मात्र निवडताना मान ताठ राहील असाच निवडावा.